बिरोबाच्या उतारावरची डुक्कर फियाट

१

जोतीराम कोकरे कालव्यात सापडले तेव्हा त्यांच्या गाडीचं मागचं ढेबरं तेवढं पाण्याबाहेर होतं. सणसरच्या पंचक्रोशीत ते ढेबरं न ओळखणारा माणूस सापडला नसता. गोल पाठीची, बुटकी, जुनी डुक्कर फियाट. बारामतीच्या एका डॉक्टरांनी काढून टाकलेली आणि जोतीतात्यांनी मेंढरांचा कळप विकून घरी आणलेली. धनगरानं मेंढरं देऊन मोटार घेतली म्हणून तेव्हा लोक पोट धरून हसले. पुढं हसून थकले आणि त्याच गाडीतून आपल्या लेकी सासरी धाडू लागले.

त्या सकाळी मात्र सगळे गप्प होते. ऊसतोडीचे दिवस होते. कारखान्याकडं निघालेल्या बैलगाड्या थांबल्या, माणसं भरावावर गोळा झाली. तात्यांना बाहेर काढून त्यांच्याच काळ्या घोंगडीखाली झाकून ठेवलं होतं. घोंगडीतून अजून पाणी निथळत होतं.

इंदापूरहून फौजदार सर्जेराव घोगरे आले. निवृत्तीला टेकलेला, सावकाश बोलणारा माणूस, सोमेश्वरनगरच्या कारखान्याचा भोंगा ऐकत लहानाचा मोठा झालेला. त्यांची एक गंमत साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. साहेबांना गाडी चालवता येत नव्हती. तरुणपणी शिकायला बसले आणि जीप उभ्या उसात घातली म्हणे; तेव्हापासून त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. सरकारी जीप हवालदार नेवसे चालवायचा आणि साहेब शेजारी बसून रस्त्याऐवजी माणसं बघत जायचे.

भीमा कोकरेनं आपला ट्रॅक्टर लावून गाडी ओढली. पुढची चाकं काही केल्या वळेनात. गाडी फरफटतच वर आली आणि मुरमात दोन सरळ चर पडले.

"आपटून वाकलं आसंल कायतरी," भीमा म्हणाला.

नेवसेनं दार उघडून आत डोकं घातलं. गिअर न्यूट्रलला होता. त्यानं स्टेअरिंगची बाजू बघितली, पायाखालचा गाळ चाचपला, सीट उचलून बघितली आणि तो मागं सरला.

"सायेब, चावी न्हाय."

"पाण्यात पडली असंल."

"चावी आपसूक पडत न्हाय. कुनीतरी फिरवून काढावी लागती."

तात्यांच्या कोपरीचा खिसा, कमरेची पानाची चंची, सगळं तपासून झालं. चावी कुठंच नव्हती. सर्जेरावांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. विचार करताना त्यांना टोपी जड व्हायची. इंजिन बंद, गिअर सुटलेला, चावी गायब. म्हणजे गाडी आपल्या बळावर आलीच नव्हती. ती उतारावरून ढकलली होती, आणि ढकलताना आत माणूस होता.

२

खुनी शोधायला गावाला फौजदार लागत नाही. तात्यांची माती व्हायच्या आतच गावानं नाव काढलं होतं, आणि ते नाव तात्यांच्या पोराचं होतं.

दीपक कोकरे पंचविशीतला. बारामतीत रामहरी मिस्त्रीच्या गॅरेजात कामाला, रात्री तिथंच मुक्कामाला. नखांतलं काळं तेल मातीच्या दिवशीही निघालं नव्हतं. वस्तीवरच्या बाभळीखाली तो फौजदारांसमोर उकिडवा बसला.

"वडलांशी भांडण झालं होतं?"

"व्हय."

"काय म्हणाला होतास?"

दीपकनं जमिनीकडं बघितलं. "म्हनलो, तुमी मेल्याबिगर ही गाडी सुधरायची न्हाय."

शेजारी उभ्या नेवसेनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी लक्ष दिलं नाही.

"एवढं काय झालं होतं गाडीवरनं?"

मग दीपकनं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात त्याची आई, सारजा, छातीत कळ येऊन पडली. तात्यांनी आणि त्यानं तिला गाडीत घातलं आणि बारामतीचा दवाखाना धरला. वाटेत बिरोबाचा माळ. वस्तीकडून चढ, माथ्यावर बिरोबाचा दगड, आणि पलीकडं सरळ उतार थेट कालव्याच्या वळणापर्यंत. जुन्या इंजिनाला तो चढ नेहमीच जीवावर यायचा. त्या दुपारी ते उकळलं आणि मधेच बसलं. दीपक बॉनेट उघडून पाणी ओतत होता, वारा घालत होता, गाडीच्या पाया पडत होता. मागं तात्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. इंजिन थंड व्हायच्या आधी सारजा थंड झाली.

"त्याच दिवशी ठरवलं सायेब. हिच्यात आसं इंजिन घालायचं, का माळ तिला कळलाबी न्हाय पायजे."

हायवेवर मागून चेचलेली एक नवी मोटार इंदापूरच्या भंगारात आली होती. पुढचा भाग शाबूत, इंजिन दुप्पट ताकदीचं. दीपकनं ते उचललं. तात्यांनी साफ नाही म्हटलं. "हिचं काळीज काढू नगं. सारजीनं हिच्यात जीव सोडलाय," एवढंच ते म्हणत राहिले. पोरगा ऐकेना. ब्रेकचं काम म्हणून गाडी बारामतीला नेली आणि परत आणली ती पोटात नवं इंजिन घेऊनच.

"इंजिन तेवढं बदललंस का अजून काही?"

यंत्राचं बोलणं निघाल्यावर पोराच्या आवाजात जरा जीव आला. "नुसतं इंजिन बसत न्हाय ओ. इंजिन टेकायचं फौंडेशन नवं करावं लागलं. जुन्या गाडीचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, नव्याचा खाली पायापाशी. मंग जुना दांडा ठिवून काय करायचा? त्या मोडक्या गाडीचाच दांडा, स्टेअरिंग, चावीचा स्विच, समदं उचलून बसवलं."

"आणि चावी?"

"एकच हाय. घरात खुंटीला आसायची. तात्यांनी कवा तिला बोट लावलं न्हाय."

"गाडीत तरी बसले का?"

"एकडाव. चष्म्यासाठी बारामतीला न्हेलं. माळ अशी चढली सायेब, पाखरावानी. पलीकडं उतरलो, कालवा वलांडला, तात्या गुमान खिडकीतनं भाईर बघत बसलेलं. म्या म्हनलं, आई आसती तर आज पोचली आसती. तरी बोललं न्हाईत. त्यानंतरबी न्हाईत."

बाप लेकाशी अबोला धरून मेला होता, आणि आता तो अबोला कोण मोडणार होतं? सर्जेरावांनी शेवटचं विचारलं, "त्या दिवशी पहाटे कुठं होतास?"

"गॅरेजात," दीपक म्हणाला, पण फौजदारांच्या डोळ्याला डोळा न देता.

३

भीमाचा ऊस उताराच्या कडेनंच होता. तात्यांचा हा चुलतभाऊ. कळप दोघांचा सामायिक होता, आणि तात्यांनी तो न विचारता मोडला. त्या दिवसापासून भीमा तात्यांशी बोलला नव्हता. एकमेकांच्या लग्नकार्यात जेवले, एकमेकांच्या मयताला खांदा दिला, पण शब्द नाही. आपल्याकडं भांडण मोडतं, अबोला मोडत नाही.

"पयला मीच उडी टाकली," भीमा म्हणाला. "पानी छातीएवढं. दार उघडना, काच फोडली. भाईर काढला तवा त्येच्यात काय नव्हतं. तरी म्या हाका मारल्या. जोत्या, ये जोत्या म्हनून. इतक्या वरसांनी बोललो त्ये मेलेल्या मानसाशी."

त्यानं तोंड फिरवलं. सर्जेराव थांबले. घाईनं विचारलेल्या प्रश्नाला घाईचंच उत्तर मिळतं, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

"गाडी येताना बघितलीस?"

"न्हाय. उसाच्या शेंड्यांचं वाड्यं बांधत हुतो, पाठ हुती. एकदम पानी उसळल्याचा आवाज झाला."

"त्याआधी इंजिनाचा आवाज?"

"न्हाय. ह्या उतारावर त्येची गाडी कवा वाजलीच न्हाय."

उताराला लागलेली हलकी गाडी, तिचा आवाज तो केवढा, असं मनात म्हणून सर्जेरावांनी ते वाक्य सोडून दिलं. पुढं त्यांना त्याबद्दल स्वतःचा फार राग आला.

"वळणावर काय खुणा?"

"वळान घेतलंच न्हाय. बिरोबापास्नं सुटली ती नाकासमोर. रस्त्यावर उसाचं पाचट पडलेलं, त्येच्यावरनं घसरत सरळ पान्यात."

"आणि तात्या कसे होते? हात, पाय?"

भीमा आठवत राहिला. "घोंगडी खांद्यावरनं वढून म्होरं आलेली. तिचा कोपरा उजव्या मुठीत गच्च. सोडवता सोडवंना. मंग तीच वर टाकली."

जीपमध्ये बसताना नेवसेला राहवलं नाही. "सायेब, उलगडलं. घोंगडीनं तोंड दाबलं. म्हाताऱ्यानं झटापट केली, म्हनून कोपरा मुठीत. बेशुद्ध झाल्यावर गाडीत घातला, चावी काढली आन ढकलून दिली."

"चावी का काढली असंल?"

नेवसे गाडी चालवता चालवता विचारात पडला. मुठीतला घोंगडीचा कोपरा मात्र सर्जेरावांच्याही मनात रुतून बसला.

४

बारामतीत रामहरी मिस्त्रीचं गॅरेज एस.टी. स्टँडच्या मागल्या अंगाला. रामहरी गोडबोल्या माणूस. चहा येईपर्यंत त्यानं तात्यांच्या गाडीचं एवढं कौतुक केलं, की सर्जेरावांना तोही संशयित वाटायला लागला.

"तुम्हाला गाडी हवी होती म्हणे."

"हवी होती की. असली मूर्ती आता कुठं बघायला मिळते? दारात उभी केली तरी गिऱ्हाईक वाढलं असतं. पण म्हातारा म्हणाला, बायकू मेली त्या जागेचं मोल करतोस व्हय? त्यानंतर मी पुन्हा विषय काढला नाही."

"दीपक इथंच झोपला होता त्या रात्री?"

रामहरीनं कप खाली ठेवला. त्याच्या गोड बोलण्याला पहिल्यांदाच खडा लागला. पोरावर त्याचा जीव होता, हे दिसत होतं.

"झोपला होता साहेब. पण उजाडायच्या आधी उठून गेला. कुठं ते सांगितलं नाही. दुपारी निरोप आला, तेव्हा मी त्याला गावभर शोधत होतो."

त्याच संध्याकाळी दीपकला इंदापूरला आणलं. सर्जेरावांनी शांतपणे, पुन्हा पुन्हा विचारलं. पोरगा भिंतीला टेकून बसून राहिला.

"सांग रे बाबा. मला तुला अडकवायचं नाही. पण तू गप्प राहिलास तर मला दुसरा रस्ता नाही."

"माज्याच कामाला गेलो हुतो."

"कसल्या?"

"ते आता सांगून काय उपेग?"

नेवसेला वाटलं, झालं, निम्मा कबूलच झाला. सर्जेराव मात्र रात्रभर त्या 'आता'भोवती घुटमळत राहिले.

५

कुशाबाई तात्यांची थोरली बहीण. विधवा झाली तशी भावाकडं आली ती कायमची. सर्जेराव वस्तीवर गेले तेव्हा ती ओट्यावर एकटीच बसली होती. समोर मेंढरांचा जुना रिकामा वाडा, आणि त्याच्या काटेरी कुडावर ती काळी घोंगडी वाळत टाकलेली.

"मेलेल्याची हाय, पर टाकवना," ती म्हणाली. "सारजीनं लोकर कातली हुती हिची. भिजून मनाची झाली. आजून आतनं ओलीच हाय."

"आक्का, तुम्हाला काय वाटतं? दीपकनं केलं असंल?"

म्हातारी रागावली नाही. "बापाचं बोलनं बंद झाल्यापास्नं पोरगं जेवत नव्हतं. आसलं पोरगं बापाला मारतंय व्हय? तुमास्नी पोरं हाईत का, सायेब?"

सर्जेरावांनी मान हलवली. आहेत म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

"त्या सकाळी काय झालं?"

"म्या उटायच्या आदीच गेला. खुंटीवर चावी नव्हती. देव्हाऱ्याम्होरं भंडाऱ्याची वाटी पालथी पडल्याली. मला वाटलं मांजार."

"स्वतःहून गाडी घेतली? इतके दिवस हात लावला नव्हता ना?"

"त्येचंच मला नवल वाटलं. बरं वाटलं. म्हनलं, रुसवा निघाला."

सर्जेराव घोंगडीकडं बघत होते. "आक्का, तात्यांनी मरताना घोंगडीचा कोपरा हातात का धरला असंल?"

कुशाबाईनंही घोंगडीकडं मान वळवली. मग तिनं विचारलं, "कुठला कोपरा? उजवा?"

"उजव्या मुठीत होता."

"मंग घंटंचा खिसा," ती सहज म्हणाली, जसं काही हे सगळ्यांना माहीतच असतं.

"कसला खिसा?"

"आमच्या घरची चाल हाय, सायेब. बिरोबा माळावर निजल्याला आसतोय म्हनायचा आमचा आज्जा. त्येच्याम्होरनं कळप न्हेताना वाजवत न्ह्यायचा न्हाय. म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा काढायची, कपाळाला लावायची आन घोंगडीच्या खिशात घालायची. गुमान उतरायचं. कालवा आला का परत बांधायची. जोतीच्या घोंगडीला सारजीनं त्यासाठीच आतनं खिसा शिवलाय. काळ्यात काळा, दुसऱ्याला घावायचा न्हाय."

सर्जेरावांच्या काखेतली टोपी खाली पडली. "आणि कळप गेल्यावर?"

"गाडी काय, मोठं मेंढरूच की. बिरोबाम्होरं आला का इंजान बंद करायचा, चावी काढायचा, कपाळाला लावायचा, खिशात टाकायचा. गाडी आपली आपसूक उताराला लागायची. खाली वळनापशी परत चावी. इतकी वरसं ह्येच."

*ह्या उतारावर त्येची गाडी कवा वाजलीच न्हाय.*

"हे कुणी मला सांगितलं का नाही?"

"त्येच्यात सांगायचं काय हुतं?" कुशाबाई म्हणाली. "मानूस सास घेतो त्ये कुनी सांगतं का?"

सर्जेराव उठले. ओली, जड घोंगडी त्यांनी कुडावरून उतरवली आणि उजवा कोपरा चाचपला. आत बोटांना लोकरीचा दुपदर लागला. तोंडाशी शिवण उसवलेली होती, कोणीतरी आत बोटं घालायला ओरबाडल्यासारखी. त्यांनी खिसा उलटा केला.

चावी मातीत पडली.

जायला निघालेले फौजदार अंगणात थबकले. "आक्का, एक सांगा. दीपकनं गाडी नेली त्या दिवशी ती बिरोबासमोरून वाजतच गेली. तात्या काहीच कसे बोलले नाहीत?"

"कशाला बोलंल? परक्या मेंढराला आपली चाल न्हाय. भंडारा लावून, पाची बोटं उमटवून घरात घेतलं, का मंग त्ये आपलं."

६

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात गाडी उभी होती. सर्जेरावांनी नेवसेला चहाला पाठवलं, इकडंतिकडं बघितलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. उसात जीप घातल्यापासून पहिल्यांदाच. गादी अजून ओलसर होती, कालव्याच्या गाळाचा वास येत होता.

चावी तात्यांनीच काढली, एवढं आता पक्कं होतं. बेशुद्ध माणूस चावी कपाळाला लावून गुप्त खिशात ठेवत नाही, आणि त्या खिशाची बाहेरच्याला कल्पनाच नव्हती. म्हणजे ढकलणारा कोणी नव्हताच. पण मग वळण का घेतलं नाही? वर्षानुवर्षं गाडी अशीच बंद उतरली होती, अशीच वळली होती.

त्यांनी स्टेअरिंग धरलं, जसं इतर माणसं धरतात तसं, आणि भीतभीत डावीकडं फिरवलं. ते जरासंही सरकेना. उजवीकडं फिरवलं. तेच. आपटून वाकलं असेल, असं भीमा म्हणाला होता. सर्जेरावांनी चावी खिशातून काढली, स्विचमध्ये घातली आणि अर्धी फिरवली.

आत काहीतरी सुटलं आणि स्टेअरिंग लोण्यासारखं फिरलं. पुढची चाकं गाळ टाकत डावीकडं वळली, उजवीकडं वळली. त्यांनी चावी बाहेर काढली आणि पुन्हा फिरवलं. बोटभर फिरलं. खट्ट. पुन्हा दगड.

गाडी चालवणाऱ्या माणसाला हे कदाचित लवकर सुचलं असतं. पण ठाण्याची जीप जुनी, तिला असलं काही नव्हतं. आणि चावीच नसल्यामुळं सगळे जण चावी नेणाऱ्याला शोधत बसले होते. सर्जेराव त्या ओल्या गादीवर बराच वेळ बसून राहिले. त्यांना उतार दिसत होता. बिरोबाचा दगड मागं पडलेला, पाचटावरून घरंगळणारी गाडी, जवळ येणारं वळण. तात्यांनी स्टेअरिंग फिरवलं असेल आणि ते हातात गोठलं असेल. ब्रेक दाबला असेल, पण पाचटावर चाक कुठलं थांबतंय? काय बिघडलं ते त्यांना कळलंच नसणार. एवढंच कळलं असेल, की नेहमी इथं चावी लावतो, आता लवकर लावली पाहिजे. खांद्यावरून घोंगडी ओढली, खिसा चाचपला, बोटं आत घातली. आणि पाणी आलं.

सर्जेरावांनी डोळे पुसले. उलगडा झाला होता. असा उलगडा नोकरीत पहिल्यांदाच नकोसा वाटला.

पोराला खुनातून सोडवायचं तर हे सांगावं लागणार होतं. न सांगावं तर गाव दीपकला नाही तर भीमाला जन्मभर खुनी म्हणणार. आणि सांगायचं म्हणजे खुनाहून जड काहीतरी त्या पोराच्या हातात द्यायचं. नुसता 'अपघात' म्हणून मिटवलं तरी पोरगा मिस्त्री होता. चावी कुठं सापडली हे कळलं, की बाकीचं त्याचं त्याला कळणारच होतं. ते एकट्यानं कळण्यापेक्षा कुणाच्या तरी समोर कळलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं.

७

दीपक आला तो अंग चोरून. गाडी बघून त्याचा चेहरा उतरला. सर्जेरावांनी त्याला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

"त्या पहाटे कुठं गेला होतास, ते आता सांग. तुझ्यावर कसलाही आळ राहिलेला नाही."

दीपकनं त्यांच्याकडं बघितलं. मग स्टेअरिंगवर बोट फिरवत म्हणाला, "भंगारवाल्याकडं. हितंच, इंदापुरात. जुनं इंजिन त्येला दिलेलं. परत मागायला गेलो हुतो."

"का?"

"तात्या बोलंनात, सायेब. म्या म्हनलं, घालतो परत हिचं काळीज. रांगत चढू दे माळ. पर तात्यांनी बोलावं." त्यानं बोट मागं घेतलं. "इंजिन फोडून ट्रकात घातलं हुतं त्येनं. आन माघारी आलो तर ह्ये."

सर्जेरावांनी स्टेअरिंगला हात लावून बघितला. मग त्यांनी विचारलं, "हे स्टेअरिंग फिरत का नाही रे?"

"चावी न्हाय म्हनून. नव्या गाड्यांना लॉक आसतंय, चोरानं न्हेऊ न्हाय म्हनून. चावी काढली का जरा फिरवलं तरी आतला खिळा…"

तो तिथंच थांबला.

सर्जेरावांनी तळहात उघडला. चावी बघून दीपकला विचारायचं काही उरलं नाही. घोंगडीचा काळा लोकरीचा धागा तिच्या माथ्याच्या भोकात अडकला होता.

"आईच्या खिशात हुती?"

"हो."

"बिरोबाम्होरं काढली."

"हो."

लहानपणापासून शेजारच्या सीटवर बसून त्यानं हे शेकडो वेळा बघितलं होतं. बापाचा हात चावीकडं जाताना, चावी कपाळाला लागताना, गाडी एकदम गप्प होताना. कधीकधी तात्या ती त्याच्याही कपाळाला लावायचे. आणि दांडा बसवताना त्याला ते आठवलं नव्हतं. गॅरेजच्या खड्ड्यात उताणं पडून त्यानं एकेक बोल्ट आवळला होता, आई पोचावी म्हणून, जी आता कुठंच जाणार नव्हती.

"म्या मारलं," दीपक म्हणाला. अगदी हळू.

"असं म्हणू नको."

"मंग काय म्हनू?"

सर्जेराव उतरले, पुढं गेले आणि बॉनेट उघडायला धडपडले. त्यांना ते जमेना. दीपक यंत्रासारखा उतरला, कळ दाबली, बॉनेट वर केलं.

"कुशाआक्का म्हणाल्या, भंडाऱ्याची वाटी पालथी पडली होती," सर्जेराव म्हणाले. "म्हणून मला वाटलं, एकदा बघावं."

नव्या इंजिनावर गाळ बसला होता. सर्जेरावांनी हातरुमालानं वरचं झाकण पुसलं. गाळाखाली पिवळं दिसलं. तेलात कालवलेली हळद पाण्यानं गेली नव्हती. पाच बोटं उमटली होती, रुंद, मेंढपाळाची. करंगळीजवळ एक आडवी रेघ होती. तात्यांच्या हाताला कातरीची जुनी जखम होती, तिची.

नवं मेंढरू घरात घेतात तसं तात्यांनी पोराचं इंजिन घरात घेतलं होतं. रुसवा सोडला होता. कदाचित बारामतीला पोराकडंच निघाले असतील, हे सांगायला. आणि ते आता आपलं झालं होतं, म्हणून बिरोबासमोर त्याला घरची चाल लागू झाली होती.

दीपकनं हात पुढं केला, पण त्या बोटांना लावला नाही. फाटकाशी भीमा ट्रॅक्टर घेऊन आला होता; पुतण्याला घरी न्यायला. तो तिथंच उभा राहिला, आत आला नाही.

"तात्या रुसल्यालंच बरं हुतं, सायेब," दीपक म्हणाला. "रुसल्यालं आसतं तर जगलं आसतं."

सर्जेरावांनी टोपी हातात घेतली आणि मान खाली घातली. दीपकनं दोन्ही हातांनी बॉनेट धरलं आणि निजलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं हळूच खाली टेकवलं. आवाज झाला नाही.